प्रकल्प नोंदी: पॅक्ड, झोन्ड आणि शेवटचा अर्धा बाइट

९ जून २०२५, सोमवार, हिंजवडी

विमा ग्राहकाच्या हप्त्यांची मास्टर फाइल आजपासून माझ्याकडे आली. ग्राहक अमेरिकेतला, फाइल मेनफ्रेमवर, रेकॉर्डची लांबी ठरलेली: २१४ बाइट. रकमा आणि तारखा मिळून अकरा फील्ड पॅक्ड डेसिमलमध्ये आहेत. नवी प्रणाली लिनक्सवरच्या डेटाबेसवर उभी राहतेय, तिला रकमा साध्या अक्षरांत हव्यात. मधल्या एका जुन्या प्रोग्रामला त्याच रकमा झोन्डमध्ये लागतात आणि तो अजून वर्षभर तरी चालू राहणार. म्हणजे एका आकड्याची तीन रूपं, आणि तिन्हींतून रक्कम एकच निघायला हवी.

सोबत एक नवी मुलगी आहे. कॉलेजातून थेट आलेली, पायथॉन उत्तम लिहिते, मेनफ्रेम मात्र पहिल्यांदाच पाहतेय. तिच्यासाठी आणि पुढे ज्याच्या हाती हे काम जाईल त्याच्यासाठी नोंदी सविस्तर ठेवतेय.

झोन्डमध्ये एका बाइटात एक अंक. एबसिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंचात, शून्य ते नऊ म्हणजे एफ० ते एफ९ (हे हेक्स, सोळाच्या पायातले अंक: ० ते ९, पुढे ए ते एफ; एक अंक म्हणजे अर्धा बाइट). वरचा अर्धा बाइट झोनचा, खालचा अंकाचा. शेवटच्या बाइटच्या झोनमध्ये चिन्ह बसतं: सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण, एफ म्हणजे चिन्ह दिलेलंच नाही, म्हणून धन. ऋण १२३ लिहायचे तर एफ१ एफ२ डी३. पॅक्डमध्ये एका बाइटात दोन अंक आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. तेच ऋण १२३ इथे १२ ३डी. तीन बाइटांचं काम दोनात.

कॉपीबुक म्हणजे कोबोल भाषेत लिहिलेली रेकॉर्डची रचना. त्यातलं मुख्य फील्ड असं: पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३. एस म्हणजे चिन्ह, व्ही म्हणजे दशांशाची जागा, कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड. नऊ अंक आणि एक चिन्ह, म्हणजे दहा अर्धे, म्हणजे पाच बाइट. त्यातल्या व्हीला जागा लागत नाही. दशांशचिन्ह फाइलमध्ये कुठेही नसतं, ते फक्त कॉपीबुकमध्ये असतं. चुकीचं कॉपीबुक हाती पडलं तर २५० चे २५,००० होतात आणि बाइट तर अगदी जागच्या जागी दिसतात. म्हणून कोडची एक ओळ लिहिण्याआधी ग्राहकाकडून कॉपीबुकची चालू आवृत्ती लेखी मागवली.

तारखांचं फील्ड सात अंकी आहे: वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस. आज १६० वा दिवस, म्हणून आजची तारीख फाइलमध्ये २० २५ १६ ०सी अशी बसेल. तिला हेच उदाहरण दिलं. स्वतःची आजची तारीख चार बाइटांत दिसली की पटकन कळतं.

आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये हेक्स ऑन केलं की प्रत्येक अक्षराखाली दोन ओळी येतात, वर पहिला अर्धा, खाली दुसरा. झोन्ड फील्ड असेल तर वर एफ, शेवटी चिन्ह, आणि खाली आपली रक्कम सरळ वाचता येते. पॅक्ड मात्र नागमोडी वाचावं लागतं: वर, खाली, वर, खाली, आणि शेवटी खालच्या ओळीत सी किंवा डी. ती दुपारभर तेच वाचत बसली होती. संध्याकाळी निघताना म्हणाली, "ताई, आता डोळ्यांना सवय झाली." चांगली सुरुवात.


११ जून, बुधवार

ग्राहकाकडून नमुन्याची फाइल लिनक्सवर आली आणि रेकॉर्डच जुळेनात. पाठवताना कुणीतरी एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची सोय, टेक्स्ट मोडमध्ये ठेवला होता. टेक्स्ट मोड प्रत्येक बाइटाला अक्षर समजतो आणि एबसिडिकचं आस्की, म्हणजे लिनक्सकडचा अक्षरसंच, करून टाकतो. नावं आणि पत्ते त्यामुळे छान वाचता येतात, पॅक्ड रकमा मात्र बिघडतात. किती बिघडतात ते आज नीट मांडून पाहिलं, कारण "फाइल करप्ट आली" एवढं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

२५०.०० ची रक्कम घ्या. पाच बाइट: ०० ०० २५ ०० ०सी. एबसिडिकमध्ये २५ हे लाइन फीड, म्हणजे नव्या ओळीची खूण आहे, त्याचं आस्कीत ०ए होतं. म्हणजे ज्याचा हप्ता बरोबर अडीचशे, त्याचा रेकॉर्ड मधोमध तुटून दोन ओळींत जातो. आमचे रेकॉर्ड जिथे जिथे तुटले तिथे हेच होतं.

तुटलेला रेकॉर्ड निदान दिसतो. खरी भीती पुढच्या उदाहरणाची. ४००.०० म्हणजे ०० ०० ४० ०० ०सी. एबसिडिकमध्ये ४० म्हणजे रिकामी जागा, आस्कीत रिकामी जागा २०. शून्य बाइट शून्यच राहतो, ०सी हा फॉर्म फीड दोन्हीकडे ०सीच आहे. म्हणून पलीकडे पोचतं ते ०० ०० २० ०० ०सी. अंक वैध, चिन्ह वैध, लांबी बरोबर, आणि रक्कम २००.००. कुठलाही प्रोग्राम यावर थांबणार नाही. चारशे रुपये खिशात घालून निघालेल्या माणसाच्या हाती वाटेत दोनशेच उरावेत आणि त्याला पत्ताही लागू नये, तसं हे.

तिने विचारलं, आस्कीतून परत एबसिडिक केलं तर मूळ रक्कम मिळणार नाही का? काही कोड पेजच्या (अक्षरांच्या तक्त्यांच्या) जोड्या एकास एक आहेत, तिथे बरेच बाइट परत मिळतात. पण ओळी तुटताना-जोडताना जे गेलं ते गेलं, आणि कोणते बाइट परत आले हे सांगायला साक्षीदार कुणी नसतो. पैशाच्या फाइलवर असा भरवसा ठेवायचा नाही.

ठरलं ते असं. फाइल बायनरीतच, म्हणजे एकही बाइट न बदलता, येणार. आली की आकार २१४ ने निःशेष भागला जातो का ते आधी पाहायचं. मग नावापत्त्याची फील्ड तेवढी कोड पेज ०३७ ने उलगडायची आणि पॅक्ड फील्डना अक्षरांच्या तक्त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. रात्री साडेआठच्या कॉलवर ग्राहकाच्या माणसाने लगेच मान्य केलं, नवी फाइल उद्या.


१४ जून, शनिवार, कोथरूड

सुट्टी, पण ही नोंद कामाचीच आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाले, उमेदीची वर्षं पंच कार्डांवर गेली. सकाळी त्यांच्याकडे चहाला गेले होते. शेवटच्या अंकाचं अक्षर का होतं, ऋण १२३ हे छापलं तर १२एल असं का दिसतं, ते मी तिला तक्त्यावरून सांगितलं होतं. पण तक्ता असा का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काकांनी वहीचा कागद घेऊन कार्ड काढलं. ऐंशी रकाने, प्रत्येक रकान्यात बारा जागा. सगळ्यात वर बाराची ओळ, तिच्याखाली अकराची, मग शून्य ते नऊ. अंकाला एकच भोक.

"अगं, कार्डाला रकाने ऐंशीच. वजाच्या चिन्हाला एक रकाना दिलास तर तो दुसऱ्या कुणाचा तरी काढून घ्यावा लागणार. मग काय करायचं? शेवटच्या अंकाच्याच रकान्यात वर आणखी एक भोक मारायचं. बाराच्या ओळीत मारलं की अधिक, अकराच्या ओळीत मारलं की वजा."

"म्हणजे अक्षर मुद्दाम नाही निवडलं?"

"अक्षरं तशीच पंच व्हायची ना! बारा आणि एक म्हणजे ए. अकरा आणि एक म्हणजे जे. पगारपत्रकात कपातीचे आकडे आले की शेवटी जे, के, एल दिसायचे. आम्हाला वाचताना अडत नसे."

हे कळल्यावर सगळा तक्ता एकदम जागेवर बसला. ए ते आय म्हणजे सी१ ते सी९, जे ते आर म्हणजे डी१ ते डी९. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० जाहीर केली, तिच्या एबसिडिकमध्ये कार्डावरची ती वरची भोकं सी आणि डी या झोनच्या रूपात राहिली. शून्याच्या डोक्यावर चिन्ह आलं की सी० आणि डी०, म्हणजे उघडता आणि बंद होणारा महिरपी कंस. झोन्ड रकमांच्या टोकाला ते कंस का दिसतात, हा तिचा सोमवारचा प्रश्न होता.

काकांनी तो कागद मला दिला. सोमवारी तिच्या टेबलावर लावायचा आहे.


१६ जून, सोमवार

पॅक आणि अनपॅक या दोन मशीन इन्स्ट्रक्शन आज तिला आतून दाखवल्या. कोबोलमध्ये आपण नुसतं मूव्ह लिहितो, खाली काम या दोघी करतात.

पॅक उजवीकडून सुरू होते. शेवटच्या बाइटचे दोन अर्धे एकमेकांच्या जागी टाकते: डी३ चं ३डी होतं. त्यानंतरच्या प्रत्येक बाइटचा झोन फेकून देते आणि अंक जोडीने बसवते. अनपॅक नेमकं उलटं: शेवटचा बाइट फिरवते आणि बाकी प्रत्येक अंकाच्या डोक्यावर एफ ठेवते. आत आहे ते वैध आहे का, हे दोघीही पाहत नाहीत. त्या फक्त अर्धे बाइट हलवतात.

तिने लगेच विचारलं, "मग झोन्ड फील्डमध्ये नुसत्या रिकाम्या जागा असतील तर?"

तीन रिकाम्या जागा म्हणजे ४० ४० ४०. पॅक केल्यावर ०० ०४. चिन्हाच्या जागी ४ आला. चिन्ह म्हणून ए, सी, ई, एफ धन आणि बी, डी ऋण, बाकी काहीही अवैध. पण पॅक थांबत नाही. पुढे बेरजेची इन्स्ट्रक्शन त्या फील्डला हात लावते तेव्हा मशीन डेटा एक्सेप्शन देतं, आणि जॉब एस०सी७ ने पडतो. आमच्याकडे सगळे त्याला सॉक सेव्हन म्हणतात. चूक एका ठिकाणी, पडणं दुसऱ्याच ठिकाणी. म्हणून डम्पमधली, म्हणजे जॉब पडताना निघालेल्या मेमरीच्या नकलेतली, ओळ पाहून थांबायचं नाही, त्या फील्डमध्ये शेवटचं कोणी लिहिलं तिथवर मागे जायचं.

फील्ड चिन्हाविना जाहीर केलेलं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे कंपाइलर चिन्हाच्या जागी स्वतः एफ बसवतो, म्हणून तेच ०० ०४ मुकाट्याने ०० ०एफ होतं आणि रिकाम्या फील्डचं शून्य बनतं. कित्येक जुने प्रोग्राम वर्षानुवर्षं याच्यावर चाललेत. कंपाइलर बदलला किंवा पर्याय बदलले की हेच प्रोग्राम वेगळं वागू लागतात. नवीन कोबोल ६ मध्ये नमचेक नावाचा पर्याय आहे, तो चालताना प्रत्येक झोन्ड-पॅक्ड फील्डची तपासणी घालतो. वेळ जास्त लागतो, पण चाचणीच्या फेऱ्यांत आम्ही तो लावूनच ठेवणार आहोत.


१८ जून, बुधवार

बायनरी फाइलवर पहिली पूर्ण फेरी. ४१,२०७ व्या रेकॉर्डवर एस०सी७. "शेवटचा हिशोब" या फील्डमध्ये पाचही बाइट ०० होते. चिन्हाच्या जागीही शून्य, म्हणून अवैध.

असे रेकॉर्ड किती आहेत हे आधी मोजलं. डीएफसॉर्ट या मेनफ्रेमवरच्या सॉर्टच्या साधनात फील्ड पॅक्ड म्हणून सांगून ते अंकी आहे की नाही अशी अट घालता येते, पाच ओळींचं काम. २,३१८ निघाले. सगळ्यांत एकच गोष्ट समान: पॉलिसी बंद पडलेल्या.

टीममधून सूचना आली की अवैध दिसलं की शून्य टाका आणि पुढे चला. मी नाही म्हटलं. शून्य म्हणजे हिशोब केला आणि देणं-घेणं काही निघालं नाही. इथे काय आहे ते आपल्याला माहीत नाही. माहीत नसताना विधवेच्या नावावरच्या पॉलिसीत आपण शून्य लिहायचं हे कुठल्या अधिकारात? रात्री ग्राहकाच्या जुन्या जाणकार बाईंना विचारलं. त्यांनी क्षणात सांगितलं: लो-व्हॅल्यू, म्हणजे सगळे बाइट ००, याचा अर्थ हिशोब अजून झालेलाच नाही. ते त्यांनी मुद्दाम ठेवलंय. जुने प्रोग्राम आधी फील्ड लो-व्हॅल्यू आहे का ते पाहतात आणि मगच गणिताला हात घालतात.

म्हणून रूपांतराची तीन उत्तरं ठरली. वैध असेल तर संख्या. सगळे बाइट ०० असतील आणि ग्राहकाने त्या फील्डसाठी तसा अर्थ लेखी दिला असेल तर डेटाबेसमध्ये नल, म्हणजे किंमतच नाही. बाकी सगळं नाकारून वेगळ्या फाइलमध्ये, मूळ हेक्ससह. चौथं उत्तर नाही.


२० जून, शुक्रवार, घरून

आज पालख्या पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं. आईला घेऊन दुपारी दर्शनाला जाऊन आले, मग बसले.

तिने पायथॉनमध्ये वेगळा तपासनीस लिहिलाय. मूळ फाइलमधून अर्धे बाइट सुटे करायचे, शेवटचा चिन्ह म्हणून वाचायचा, उरलेल्यांचा डेसिमल बनवायचा. फ्लोट वापरायचा नाही हे तिला सांगावं लागलं नाही. फ्लोटच्या द्विमान (बायनरी) पद्धतीत दहा सेंट नेमके लिहिताच येत नाहीत, पॅक्ड डेसिमल टिकून राहायचं ते एक मोठं कारण आहे. मेनफ्रेमवरचा आमचा कोबोल आणि तिचा पायथॉन, दोघांनी एकमेकांचा कोड पाहिलेला नाही. ताळा तेव्हाच खरा.


२४ जून, मंगळवार

ताळा जुळला नाही.

एका शाखेच्या रकमांची बेरीज. तिच्या तपासनीसाने मूळ पॅक्ड फाइलमधून काढलेली: ९,३७,४१२.५५. ग्राहकाच्याच चालू झोन्ड एक्स्ट्रॅक्टमधून, म्हणजे मास्टरमधून काढलेली जी फाइल मधला जुना प्रोग्राम रोज वाचतो तिच्यातून: ९,५५,९०२.१५. फरक १८,४८९.६०. रेकॉर्डची संख्या मात्र दोन्हीकडे तीच.

तिला वाटलं तिच्याच कोडमध्ये चूक आहे. दोन तास ती तेच शोधत होती. मी तिला फरक अर्धा करायला सांगितला: ९,२४४.८०. मग मूळ फाइलमधल्या फक्त ऋण रकमांची बेरीज. ६३ रेकॉर्ड, बेरीज वजा ९,२४४.८०. वजाचं अधिक झालं की बेरीज दुपटीने सरकते. हे माझ्या पहिल्या प्रकल्पात मला कुणीतरी शिकवलं होतं, ते आज उपयोगी आलं. तिचा कोड बरोबर होता. एक्स्ट्रॅक्टमध्ये ६३ ऋण रकमा धन झाल्या होत्या.

एक्स्ट्रॅक्ट करणारं रूटीन ॲसेंब्लरमध्ये आहे. उघडलं. चार ओळींत सगळं:

आधी अनपॅक. त्यानंतर लगेच ओआय, म्हणजे ओर करणारी इन्स्ट्रक्शन, शेवटच्या बाइटवर एफ०.

ही जोडी मेनफ्रेमवर इतक्या ठिकाणी दिसते की डोळा तिच्यावरून सरकून जातो. कारण साधं आहे. ०० ०० २५ ०० ०सी अनपॅक केलं की शेवटी सी० राहतो, म्हणजे छापताना २५०.०० च्या टोकाला शून्याऐवजी महिरपी कंस. म्हणून शेवटच्या झोनवर एफ ओर करायचा (दोन्हींपैकी एकात जरी १ असला तरी उत्तर १). सी म्हणजे ११००, एफ म्हणजे ११११, ओर केलं की ११११. कंसाचा शून्य झाला, छपाई सुबक.

पण डी म्हणजे ११०१. त्याच्यावर एफ ओर केलं तरी ११११ च. वजाचं चिन्ह त्या एका ओळीत पुसलं जातं आणि अंक सगळे जसेच्या तसे.

मग इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही, म्हणून बदलांची यादी काढली. रूटीन मुळात छापील अहवालासाठी लिहिलं होतं. अहवालात रकमेशेजारी व्यवहाराचा कोड छापला जायचा आणि परतावा असेल तर तो कोडच ते सांगायचा. ज्याने लिहिलं त्याने त्या कामासाठी अगदी बरोबर लिहिलं होतं. मागच्या वर्षी तेच रूटीन एक्स्ट्रॅक्टसाठी उचललं गेलं आणि नव्या रचनेत कोडचा रकाना वगळला गेला. चिन्ह जिथे राहत होतं ती दुसरी जागाही गेली.

रात्रीच्या कॉलवर मी हे दोन रेकॉर्डचे हेक्स शेजारीशेजारी ठेवून दाखवलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, मधला प्रोग्राम या एक्स्ट्रॅक्टचं काय करतो ते तुम्हाला माहीत आहे का? थकबाकीची स्मरणपत्रं तोच काढतो. ज्यांना पैसे परत मिळायचे होते त्यांच्या नावावर तेवढीच थकबाकी लागली होती.


२५ जून, बुधवार

दुरुस्ती छोटी आहे. मधल्या प्रोग्रामला खरं झोन्ड हवंय, त्यामुळे ओआय काढायची, सी आणि डी तसेच जाऊ द्यायचे. डेटाबेसला जाणाऱ्या फाइलसाठी कोबोलमध्ये साइन लीडिंग सेपरेट असं फील्ड, म्हणजे चिन्हाला समोर स्वतःचा पूर्ण बाइट. कार्डाचे ऐंशी रकाने आता नाहीत, एक बाइट परवडतो. दशांशचिन्हही उघड लिहितोय.

मंजुरीची वाट पाहतोय. चालू प्रणालीतला बदल, त्यांच्या सह्या लागतात.


२७ जून, शुक्रवार

दोन किरकोळ वाटणाऱ्या, पण दिवस खाणाऱ्या गोष्टी.

तिच्या चाचणी प्रोग्रामला व्हीसॅम फाइलमध्ये, म्हणजे कीवरून रेकॉर्ड शोधायच्या मेनफ्रेमच्या फाइलमध्ये, पॉलिसी सापडेना, स्टेटस २३, म्हणजे असा रेकॉर्डच नाही. पॉलिसी डोळ्यांसमोर दिसत होती. की पॅक्ड आहे. फाइलमध्ये ०० १२ ३४ ५सी, तिच्या प्रोग्राममधलं फील्ड चिन्हाविना म्हणून ०० १२ ३४ ५एफ. गणिताला दोन्ही १२,३४५. व्हीसॅम की बाइटांनी ताडतं, त्याच्यासाठी सी वेगळा आणि एफ वेगळा. फील्डला एस लावला, सापडली.

दुसरं, दोन्ही फाइलींची बाइटवार तुलना करताना १७ रेकॉर्ड वेगळे निघाले. सगळ्यांत ०० ०० ०० ०० ०डी, म्हणजे वजा शून्य. ते येतं कुठून? बेरजेची इन्स्ट्रक्शन शून्य उत्तराला धन चिन्ह देते, पण गुणाकाराची इन्स्ट्रक्शन चिन्ह नेहमी बीजगणिताच्या नियमाने ठरवते, उत्तर शून्य असलं तरी. ऋण रकमेला शून्य दराने गुणलं की वजा शून्य. सवलतीचा दर शून्य असलेल्या पॉलिसी तपासल्या, त्याच सतरा. रक्कम म्हणून काही फरक नाही. डेटाबेसला जाताना साधं शून्य लिहितो आणि असे किती होते त्याचा आकडा अहवालात देतो.


१ जुलै, मंगळवार

पाऊस सारखा. चांदणी चौकात तासभर अडकले, त्यामुळे ही नोंद त्रोटक.

ग्राहकाने विचारलं, झोन्ड फाइल टेक्स्ट म्हणून लिनक्सवर नेऊन तिथल्या कोबोलने वाचली तर? झोन्ड टेक्स्ट मोडमध्ये तुटत नाही हे खरं, कारण प्रत्येक बाइट छापता येण्याजोगं अक्षर आहे. ऋण १२३ तिथेही १२एल म्हणूनच पोचेल. पण लिनक्सवरचे काही कंपाइलर आस्कीत ऋण चिन्ह वेगळं लिहितात: अंकाच्या वरच्या अर्ध्यातल्या ३ च्या जागी ७. त्यांच्या लेखी ऋण १२३ म्हणजे ३१ ३२ ७३, अक्षरांत १२एस, तेही छोट्या लिपीतलं एस. कंपाइलरला एबसिडिक चिन्हं सांगणारा पर्याय असतो, पण तो लावायचं कुणीतरी विसरेल. मी सुटं चिन्हच सुचवलं. मान्य झालं.


३ जुलै, गुरुवार

बदल मंजूर, काल रात्री चालू प्रणालीत गेला. आज सकाळी नव्या एक्स्ट्रॅक्टची बेरीज ९,३७,४१२.५५ यायला हवी होती असं नाही, मधे व्यवहार झालेत. म्हणून त्याच रात्रीच्या मास्टरशी ताडली. शाखा शाखा करत सगळ्या जुळल्या, सेंटपर्यंत. कोबोल, पायथॉन आणि ॲसेंब्लर तिघांचा आकडा एक. नाकारलेले रेकॉर्ड तीन, तिन्हींत पॅक्ड फील्डमध्ये ४० ४० ४० ४० ४०. कुठल्यातरी प्रोग्रामने सबंध रेकॉर्डवर रिकाम्या जागा ओतून मग एक फील्ड भरायचं विसरलंय. ते ग्राहकाकडे पाठवले.


७ जुलै, सोमवार

कालची एकादशी. डब्यात उरलेली साबुदाण्याची खिचडी.

ग्राहकाने बाकीच्या शाखांसकट ऋण रकमांची पूर्ण यादी मागितली, स्मरणपत्रं मागे घेऊन परताव्याचे चेक काढायचे आहेत. यादी प्रोग्रामने निघाली असती आणि निघालीही. पण पहिल्या शाखेच्या ६३ नावांपुढची रक्कम आम्ही दोघींनी मूळ फाइलवर हेक्स ऑन करून एकेक वाचली. ती वाचत होती, मी यादीवर खूण करत होते. वर, खाली, वर, खाली.

त्रेसष्टावा रेकॉर्ड: ०० ०० १४ ८५ ०डी.

"एकशे अठ्ठेचाळीस पन्नास, वजा," ती म्हणाली. खूण केली. यादी साडेसहाला गेली.